बॉयलरचा फोन आणि शेठचे कॅमेरे

मी स्विचचं काम करतो असं म्हटलं की समोरचा माणूस भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघतो. आमच्या एका व्याह्यांनी तर साखरपुड्यात मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि बंद पडलेला पंखा दाखवला. मी स्टूल मागवलं, पंखा सुरू करून दिला आणि जेवायला बसलो. अठ्ठावीस वर्षं सुरतेत कारखान्यांची, दुकानांची नेटवर्कं बांधली, पण सोयऱ्याधायऱ्यांत माझी ओळख वायरमन अशीच आहे. असू दे. वायरमनचं काम काही हलकं नाही.

अंकवाल्यांनी कामातले गमतीदार अनुभव मागितलेत. गमतीदार एक सांगतो. दुसरा गमतीदार नाही, आणि खरं म्हणजे तो सांगता यावा म्हणूनच मी लिहायला हो म्हटलं. तो आठवला की अजून माझं डोकं तापतं. भाषा कुठे कडक झाली तर संभाळून घ्या.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा स्विच म्हणजे चपटा लोखंडी डबा. त्याला ओळीनं खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक तार. कुठल्या तारेला कॉम्प्युटर, कुठल्या तारेला कॅमेरा, कुठल्या तारेला फोन. हल्ली कारखान्यातले आतले फोनही याच तारांवरून चालतात. फोटो असो, बिल असो की बोलणं, सगळ्याचे बारीक तुकडे होतात आणि ते एकामागून एक त्या डब्यातून जातात. तार भरली की रांग लागते. रांग फार लांबली की डबा मागचे तुकडे सरळ फेकून देतो. हो, फेकून देतो, आणि कुणाला सांगतही नाही.

आता रांगेत पुढे कुणी जायचं? मी सुरतेतल्या नवागामात, खानदेशी वस्तीत वाढलो. आमच्या गल्लीत एकच नळ, आणि पाणी तासभर. बायका ड्रम घेऊन उभ्या असायच्या. त्यात कुणाच्या घरी तापाचं पोर असलं आणि ती बाई लोटा घेऊन आली की तिला पुढे सोडायचे. लोट्याला कितीसा वेळ लागतो? ड्रमवालीचं काही बिघडत नसे आणि पोराला पाणी मिळे. नेटवर्कवर माणसाचा आवाज म्हणजे तो लोटा. जागा अगदी थोडी घेतो, पण त्याला थांबता येत नाही. बिल दोन सेकंद उशिरा गेलं तर बिलच राहतं. आवाजाचा तुकडा उशिरा आला तर तो कचऱ्यात जातो आणि ऐकणाऱ्याला नुसतं खरखर, तुटतुट ऐकू येतं. म्हणून डब्यापाशी बसून हुकूम लिहायचे असतात की आवाज पहिला, बाकीचे मागून. एवढंच माझं काम. नळावरच्या अडाणी बायकांना जे कळत होतं, ते मी शिकलेल्या लोकांना अठ्ठावीस वर्षं समजावत आलो आहे.

तर आधी ती गंमत. पर्वत पाटियाला एका साडीच्या व्यापाऱ्याचं दुकान आहे. मोबाइलवर लाइव्ह साड्या दाखवून विकतो. एक मुलगी पदर उलगडून दाखवते आणि पार बिहारपर्यंतच्या बाया तिथल्या तिथे ऑर्डर देतात. त्यानं मला बोलावलं, म्हणाला लाइव्हला एक नंबर, म्हणजे रांगेत पहिली जागा द्या. दिला. मग म्हणाला बिलिंगलाही एक नंबर द्या, तो तर पैसा आहे. मग गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला. मग त्याच्या स्वतःच्या मोबाइलला. मग मुलाच्या. शेवटी देवघरातल्या स्पीकरपर्यंत आला, कारण त्यावर सकाळी नेटवरून आरती लागते आणि आरती अडखळणं अपशकुनी. मी समजावलं की शेठ, सगळेच पहिले झाले तर पहिला कुणीच राहत नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाला पुढे येऊ देत नाहीये. मग मी बाराच्या बारा खाचांना एक नंबर लिहून दिला. म्हणजे काहीच केलं नाही, सगळं होतं तसंच राहिलं. तर गडी खूश. म्हणे, "हवे जुओ, केवुं फास्ट थयुं!" आता बघा, कसं फास्ट झालं! अजून दिवाळीला सुरती घारीच्या मिठाईचं पाकीट पाठवतो.

ह्यावर हसता येतं, कारण तिथे आरती अडखळली तर अडखळली. भेस्तानच्या मिलमध्ये असं नव्हतं.

ती कापड रंगवायची मिल. नाव लिहीत नाही, कारण नाव बदलून तिथे दुसरं लिहिलं तरी हीच गोष्ट खरी ठरेल. पुढे गेट आणि ऑफिस, मध्ये रंगखातं, आणि पार मागे भिंतीला लागून बॉयलर. बॉयलरची वाफ सगळ्या मिलला पुरते. बॉयलरपासून ऑफिसपर्यंत जायला एकच जुनी फायबरची तार होती. ती बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच, चालतंय ना, मग चालू द्या.

गेटजवळच्या खोलीत टेलिफोनवर मंगलताई बसायची. अमळनेरकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवागामात आमच्याच भागात राहणारी. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर. कुठला फोन कुठल्या खात्यातून आला हे तिला घंटीवरून नव्हे, तर पलीकडच्या माणसाच्या श्वासावरून कळायचं असं मिलमधले लोक म्हणायचे. पहिली घंटी संपायच्या आत फोन उचलायचा हा तिचा बाणा. त्यात आणखी एक गोष्ट होती. ह्या मिलमध्ये कामगारांचे मोबाइल गेटवर जमा करून घेतात, कारण नव्या डिझाइनचा फोटो बाहेर गेला तर आठ दिवसांत तीच साडी बाजारात दुसऱ्याच्या नावानं येते. ते मोबाइल मंगलताईच्या मागच्या कपाटात खणाखणांत ठेवलेले असायचे. म्हणजे आत शिरलेल्या माणसाला बाहेर काही कळवायचं तर भिंतीवरचा फोन आणि पलीकडे मंगलताई. दुसरी वाट नाही.

उन्हाळ्यात मिलच्या शेठच्या मोठ्या मुलानं, भावेशभाईनं, मागच्या भागात तीसेक कॅमेरे बसवले. त्यांची चित्रं त्याच एका तारेवरून. त्याला घरी बसून मोबाइलवर मिल बघायची हौस, आणि चित्र अडकलं की तो मला फोन करायचा. आता कॅमेऱ्यांची एक गंमत सांगतो. बनवणारी कंपनी कारखान्यातूनच कॅमेऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर "मी सगळ्यात महत्त्वाचा" अशी चिठ्ठी चिकटवून पाठवते. स्विचला विचारायचं असतं की बाबा, तू ह्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवतोस की मी सांगेन ते ऐकतोस? शहाणा माणूस कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत नाही. आपल्या तोंडानं आपली थोरवी कोण सांगत नाही? पण भावेशभाईनं माझ्या शेजारी उभं राहून करायला लावलं. विश्वास ठेव, कॅमेरे पहिले. मी केलं. आणि केलं ते पक्कं करून ठेवलं.

हे पक्कं करणं समजून घ्या. स्विचमध्ये हुकूम लिहिला की तो लगेच लागू होतो, पण तो डब्याच्या तोंडात असतो इतकंच. वीज गेली की विसरतो. कायम राहावा असं वाटत असेल तर 'सेव्ह' म्हणून वेगळा हुकूम द्यावा लागतो, मग तो पोटात उतरतो. आमच्यात रीत अशी की नवीन बदल करून दोन दिवस बघायचं, आणि मगच सेव्ह करायचं. काही बिघडलं तर डबा बंद करून चालू करा, जुनं सगळं परत येतं. रीत चांगली आहे. माणसं चांगली असली म्हणजे.

नवरात्राच्या सुमाराला मंगलताईनं मला गेटवर अडवलं. म्हणाली, बॉयलरवाल्यांचा आवाज तुकड्या-तुकड्यानं येतो, चार वेळा विचारावं लागतं, आणि ते माझ्यावर चिडतात. मी तार लावून पाहिलं तर कॅमेऱ्यांनी सगळी वाट अडवलेली. फोनचे तुकडे रांगेत उभे राहून राहून फेकले जात होते. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी बसलो आणि हुकूम उलटे लिहिले. आवाज पहिला, कॅमेरे मागून, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास बंद. मंगलताईनं बॉयलरला फोन लावला. पलीकडे भिकन होता. धरणगावकडचा भिकन, बॉयलरवरचा जुना माणूस. त्याचा आवाज असा स्वच्छ आला की मंगलताईनं फोन माझ्या कानाला लावला. तेवढ्यात मॅनेजर आला. मी काय केलं ते विचारलं आणि म्हणाला की हे सध्या कायमचं करू नका, दिवाळीनंतर भावेशभाई बघतील, त्यांचं चित्र अडकलं तर मला ऐकावं लागेल. मी म्हटलं बरं.

मी बरं म्हटलं हो! मंगलताईची तक्रार खरी आहे, बॉयलरवरच्या माणसांची ती एकच वाट आहे, हे सगळं मला ठाऊक. दोन शब्द टाइप करायचे होते. मॅनेजरच्या पाठीमागे केले असते तर त्याला जन्मात कळलं नसतं. पण मला घरी जायचं होतं, धनतेरसची खरेदी होती, आणि म्हटलं दिवाळीनंतर बघू.

सुरतेची दिवाळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीला मिला बंद पडतात. सगळा कामगार गावाला जातो, खानदेशचा खानदेशात, ओडिशाचा ओडिशात. मिलवाले पूजा करतात आणि वायरमन मेन स्विच पाडून कुलूप लावतो. मग लाभपंचमीला मुहूर्त बघून पुन्हा सगळं सुरू. म्हणजे माझा डबाही त्या दिवसांत मेल्यासारखा पडलेला. लाभपंचमीला सकाळी मेन चढवला, डबा जागा झाला, आणि त्याला पोटातलं होतं तेवढंच आठवलं. कॅमेरे पहिले. मी लिहिलेलं सगळं पुसून गेलं होतं, आणि मी त्या वेळी घरी फराळ करत होतो.

त्या दिवशी मुहूर्त साडेदहाच्या आसपासचा. ऑफिससमोरच्या चौकात पूजा, सगळी मिल तिथे गोळा झालेली, भोंग्यावर आरती. शेठचे नातेवाईक अमेरिकेत, मुंबईत बसून मोबाइलवर मुहूर्त बघत होते. भावेशभाईनं त्यांच्यासाठी सगळे कॅमेरे भारीतल्या भारी चित्रावर लावले होते, त्यात बॉयलरचाही, कारण मुहूर्तावर वाफ सोडायची होती. बॉयलरवर भिकन आणि त्याचा जोडीदार दोघंच. आठवडाभर थंड पडलेल्या पाइपात वाफ सोडली आणि एका सांध्यातली गॅस्केटची चकती उडाली. वाफ भिकनच्या हातावर आणि मांडीवर आली.

पेटलेला बॉयलर सोडून पळता येत नाही, नाहीतर सगळ्यांचाच घात. म्हणून जोडीदारानं वाफ बंद केली आणि फोन उचलला. गेटला घंटी गेली. मंगलताईनं उचलला. खरखर. तिनं परत बोला म्हटलं, परत खरखर. तिनं उलटा फोन लावला, तेच. त्यानं पुन्हा केला, तेच. चौथ्या खेपेला तिला एक शब्दही कळला नाही, पण माणूस सरळ बोलत नाहीये, ओरडतोय एवढं कळलं. तिनं वॉचमनला खुर्चीवर बसवलं आणि गुडघे दुखत असताना धावत बॉयलरपर्यंत गेली. भिकनला पाहिलं. तिथून आरतीच्या गर्दीत घुसून चार माणसं ओढून काढली, परत गेटवर येऊन बाहेरच्या लाइनवरून अँब्युलन्स बोलावली. ह्या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ भिकन जमिनीवर पडून होता.

संध्याकाळी मंगलताईच्या हातात कागद. जागा सोडून गेल्या, बॉयलर खात्याची सूचना वेळेत पोचवली नाही, खुलासा होईपर्यंत कामावर येऊ नये. म्हणजे जी बाई धावली, तीच दोषी! वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. आणि कागद मिलमध्ये राहत नाही, तो नवागामात पोचतो. भिकनचं घर मंगलताईच्या घरापासून दोन गल्ल्या. भिकनची बायको शोभा दळणाच्या गिरणीवर चारचौघींत म्हणाली की मंगलताई फोन सोडून आरतीला गेली आणि माझा माणूस भाजला. तिचा तरी काय दोष, तिला मिलवाल्यांनी तेच सांगितलं होतं. एकोणीस वर्षं ज्या बाईच्या हातून एक घंटी सुटली नाही, तिच्याकडे आता बायका बघेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावलं. आधी भावेशभाईच्या केबिनमध्ये चहा. तिथे भावेशभाईनं आपणहूनच सगळं सांगितलं. म्हणाला की आम्ही तर बघितलं, केबिनच्या मोठ्या टीव्हीवर एकदम साफ दिसत होतं. पण पपा पूजेला बसलेले, हातात पाणी घेतलेलं, पूजेतून मध्येच उठता येत नाही. आणि अमेरिकावाले बघत होते, सणाच्या दिवशी असलं काय दाखवायचं, म्हणून मी स्क्रीन बदलली. वाटलं, गेटवाले करतील काहीतरी.

हे तो बिनदिक्कत सांगत होता. ज्या तारेवरून भिकनचं भाजणं इतकं साफ दिसलं, त्याच तारेवरून त्याच्यासाठी मारलेली हाक जात नव्हती, कारण चित्राला मी पहिला नंबर दिला होता.

मॅनेजर मला स्विचच्या खोलीत घेऊन गेला. मी लॅपटॉप जोडला. अर्ध्या मिनिटात सगळं समोर. डबा लाभपंचमीच्या सकाळी जागा झालेला, माझे हुकूम गायब, आणि आवाजाचे फेकलेले तुकडे डब्यानं मोजून ठेवलेले. टेलिफोनच्या मशीनमध्येही नोंद होती. बॉयलर आणि गेटमधले चार कॉल, त्यातले तीन बॉयलरकडून आलेले आणि तिन्ही पहिल्या घंटीत उचललेले. एवढं सगळं दिसलं आणि मी लॅपटॉप मिटला. मॅनेजर म्हणाला, "पाटीलभाई, लखी आपो ने, नेटवर्क बराबर हतुं." म्हणजे नेटवर्क ठीक होतं असं लिहून द्यायचं. मी म्हटलं, बघून सांगतो, दोन दिवस द्या.

दोन दिवस कशाला? तार तपासली, ती ठीक होती हे मला माहीत होतं. फोन तपासला, तोही ठीक होता. मी दुसरं कुठलंतरी कारण शोधत होतो, माझं नसलेलं. माझ्या हाताखाली चार माणसं आहेत, भेस्तानमधल्या सहा मिला एकमेकांच्या शब्दावर मला काम देतात. पाटीलनं सेव्ह केलं नाही म्हणून माणूस भाजला, हे एकदा पसरलं की संपलं. खाई त्याला खवखवे. मी जेवत होतो, टीव्ही बघत होतो, आणि बायको विचारत होती की बरं नाही का.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं गिरणीवरची गोष्ट सांगितली. शोभा काय म्हणाली, आणि मंगलताई दळण तसंच टाकून कशी घरी गेली. मी उठलो आणि दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर माझी चूक, माझ्या सहीनं. दुसऱ्यावर कॅमेऱ्यांना पहिला नंबर कुणाच्या सांगण्यावरून दिला, हुकूम कायम करू नका असं कोण म्हणालं, आणि मंगलताईचे चार कॉल.

मॅनेजरनं पहिलं पान वाचून मान हलवली. त्याला ते फार आवडलं. दुसरं पान वाचलं आणि मला शांतपणे म्हणाला की हे ठेवून द्या, पहिल्यानं काम भागतं. म्हणजे दोष मंगलताईचा नाही तर पाटीलचा, मिल मोकळी! मी म्हटलं, दोन्ही पानं जातील नाहीतर एकही नाही. तो म्हणाला, मग उद्यापासून गेटवर तुमचं नाव नसेल. आवाज चढला माझा. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या ऑफिसात टेबलावर हात आपटला. पूजेतून उठता येत नाही म्हणणाऱ्यांना माणूस जळताना बघत बसता येतं का, असं विचारलं. मॅनेजरनं दोन्ही पानं माझ्याकडे परत सरकवली. त्यालाही नोकरी होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या दोन पानांची नक्कल बॉयलरवरच्या लोकांच्या हाती गेली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या वेळी ते सगळे गेटबाहेर बसले आणि मंगलताई खुर्चीवर बसल्याशिवाय बॉयलर पेटणार नाही म्हणाले. कागद मागे घेतला गेला. बॉयलरची तार बदलली गेली, ती मी नाही, दुसऱ्या कुणी बदलली. भावेशभाईनं त्या नव्या माणसाला सांगितलं म्हणे की आता फोनला पहिला नंबर द्या, आणि फोनमध्ये पहिला पपांच्या केबिनचा. सुधारणा म्हणतात ती ही.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं, ज्या दिवशी मी टेबलावर हात आपटला. मी मिलमधून सरळ नवागामला भिकनच्या घरी गेलो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यातून आणलं होतं. हातापायाला पट्ट्या, भिंतीला टेकून बसला होता. मी शोभाला सगळं सांगितलं. नळाचं, लोट्याचं उदाहरण देऊन सांगितलं. मंगलताईनं फोन उचलला होता, आवाजच येत नव्हता, आणि का येत नव्हता, त्यात माझं काय चुकलं, आणि भावेशभाईच्या केबिनमधल्या टीव्हीवर काय दिसत होतं. भिकन नुसता हं हं करत होता. शोभाला तारा-बिरा कळल्या की नाही मला ठाऊक नाही. तिनं एकच विचारलं.

"म्हंजे मन्हा माणूस जळी राह्यना व्हता, ते त्यासले दखाई राह्यनं व्हतं?"

मी म्हटलं, हो, त्यांना दिसत होतं. ती उठली, पदर नीट केला आणि चपला न घालता बाहेर पडली. मी मागे. ती मंगलताईच्या दारात जाऊन उभी राहिली. मंगलताई भाजी निवडत होती. तिनं शोभाला पाहिलं, ताट बाजूला केलं आणि ये म्हणाली. शोभा तिच्या गळ्यात पडून रडली. मंगलताई रडली नाही. तिची पाठ थोपटत राहिली.

मग मी पुढे झालो. मला वाटलं, आता माझीही पाळी आहे. मी दोन्ही पानं तिच्यासमोर ठेवली. मॅनेजरला काय सुनावलं, टेबलावर हात कसा आपटला, सगळं तावातावानं सांगितलं. शेठला, त्याच्या मुलाला, त्या टीव्हीला शिव्या घातल्या. मंगलताई सगळं ऐकून घेत होती. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं की डब्यातलं हे तुला कधी दिसलं. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. तिनं पानांची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"शेठनी दखं आनि गप्प बठना," ती म्हणाली. "तू बी दखं आनि दोन दिन गप्प बठना. मंग तू कोणवर चिडी राह्यना रे भाऊ?"

तिनं गॅस बंद केला, दाराला कडी लावली, आणि शोभाचा हात धरून भिकनला बघायला निघून गेली. लाभपंचमीपासून तिला त्या घरात पाऊल टाकता आलं नव्हतं.